फाइल खुलत नाही? आधी तिचं आडनाव वाचा

तामसी (जि. आदिलाबाद) : "भाऊ, हे काही खुलून नाही राह्यलं." मंडलाच्या गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या कोणत्याही दुकानात दहा मिनिटं उभं राहिलं की हे वाक्य कानावर पडतं. कोणाला पोराच्या स्कॉलरशिपसाठी फोटो चढवायचा असतो, कोणाला लग्नपत्रिकेचं प्रूफ पाहायचं असतं, कोणाचं आधार मोबाइलमध्ये आलेलं असतं पण उघडत नसतं. दुकानदार मोबाइल हातात घेतो, दोनदा बोट मारतो आणि म्हणतो, "फाइल खराब आहे, परत मागवा."

बहुतेक वेळा फाइल खराब नसते. ती उघडणारा प्रोग्राम त्या मोबाइलमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये नसतो, एवढंच.

सीमाभागात ही अडचण जरा जास्तच येते. पैनगंगेच्या अलीकडे तेलंगणाची पोर्टलं, पलीकडे महाराष्ट्राची. एकाच घरात इकडच्या जमिनीची पहाणी असते आणि तिकडच्या वाट्याचा सातबारा. एक पोरगं आदिलाबादला शिकतं, दुसरं किनवटला किंवा नांदेडला. दोन सरकारांची कागदपत्रं, दोन प्रकारचे फॉर्म आणि तीन भाषांतला मजकूर एकाच मोबाइलमध्ये येऊन पडतो. त्यात कोणती फाइल कशाने उघडायची, हे कोणी शिकवलेलं नसतं.

आता याला दुसरी बाजूही आली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोली जिल्ह्यात एका सरकारी कर्मचाऱ्याला अनोळखी नंबरवरून व्हॉट्सॲपवर लग्नाचं निमंत्रण आलं. फाइल पत्रिकेसारखी दिसत होती. त्याने ती दाबली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. ती पत्रिका नव्हतीच. तो मोबाइलमध्ये बसणारा एक प्रोग्राम होता, आणि फाइलच्या नावाच्या शेवटी तीन इंग्रजी अक्षरांत तसं लिहिलेलं असतं.

म्हणजे फाइल उघडत नसली तरी आणि उघडावी की नाही असा प्रश्न पडला तरी, बघायची जागा एकच : नावाच्या शेवटी.

आडनाव म्हणजे काय?

प्रत्येक फाइलच्या नावाचे दोन भाग असतात. मध्ये टिंब असतं. टिंबाच्या आधीचं नाव आपण ठेवतो : 'आईचे आधार', 'पत्रिका', 'पहाणी २०२४'. टिंबानंतरचं आडनाव फाइल तयार करणारा प्रोग्राम लावतो. त्याला एक्स्टेन्शन म्हणतात. माणसाचं आडनाव त्याचं घराणं सांगतं, तसं हे आडनाव फाइल कोणत्या प्रोग्रामच्या घरची आहे ते सांगतं.

पीडीएफ असेल तर छापील कागदासारखी फाइल. जेपीजी किंवा पीएनजी असेल तर फोटो. डॉक्स म्हणजे वर्डमध्ये टाइप केलेला मजकूर. एक्सएलएसएक्स म्हणजे एक्सेलचा तक्ता. एमपी-फोर म्हणजे व्हिडिओ. झिप म्हणजे अनेक फाइली बांधलेलं गाठोडं.

ही आडनावं बहुतेक तीन अक्षरांचीच का, याचं कारण जुनं आहे. १९८१ साली आलेल्या एमएस-डॉसमध्ये फाइलच्या नावाला आठ अक्षरं आणि आडनावाला तीन अक्षरं एवढीच जागा होती. १९९५ मध्ये विंडोज ९५ आल्यावर लांब नावं चालू लागली, पण तीन अक्षरांची सवय राहिली.

नावात एकापेक्षा जास्त टिंबं असली तर शेवटच्या टिंबानंतरचंच आडनाव खरं. मधलं सगळं नावाचा भाग. हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण फसवणारे नेमका इथेच डाव खेळतात.

आडनाव दिसतच नाही, मग?

विंडोजच्या कॉम्प्युटरवर ओळखीची आडनावं मुळातच लपवलेली असतात. फक्त 'पत्रिका' असं दिसतं, पुढचं दिसत नाही. पडदा नीटनेटका दिसावा म्हणून केलेली ही सोय एकदा जगाला महागात पडली. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून एक ई-मेल निघाला. सोबतच्या फाइलचं नाव होतं 'तुझ्यासाठी प्रेमपत्र' अशा अर्थाचं, आणि शेवटी टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर, असं दिसत होतं. प्रत्यक्षात त्याच्याही पुढे व्हीबीएस हे आडनाव होतं. ते प्रोग्रामचं आडनाव आहे. विंडोजने ते लपवलं आणि लोकांनी प्रेमपत्र समजून फाइल उघडली. तिने कॉम्प्युटरमधल्या फाइली खराब केल्या आणि ॲड्रेस बुकमधल्या सगळ्यांना स्वतःची प्रत पाठवली. काही दिवसांत जगभरातली लाखो कॉम्प्युटरं त्यात सापडली.

आडनाव दिसू लागावं यासाठी एकदाच सेटिंग बदलावी लागते. विंडोज ११ मध्ये कोणतंही फोल्डर उघडून वरच्या 'व्ह्यू'वर क्लिक करा, त्यात 'शो' आणि त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'. विंडोज १० मध्ये 'व्ह्यू'च्या पट्टीतच 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'चा चौकोन आहे, त्यात टिक करा. दुकानातल्या, शाळेतल्या, ग्रामपंचायतीतल्या कॉम्प्युटरवरही हे करून ठेवलेलं बरं. एक मिनिटाचं काम आहे.

मोबाइलवर व्हॉट्सॲपमध्ये डॉक्युमेंट म्हणून आलेल्या फाइलच्या नावाखाली बारीक अक्षरांत फाइल किती मोठी आणि कोणत्या प्रकारची ते लिहिलेलं असतं. बोट लावण्याआधी ती ओळ वाचायची.

आडनाव बदललं म्हणून फाइल बदलत नाही

स्कॉलरशिपच्या फॉर्मला फोटो चढत नाही, ही जूनपासून दिवाळीपर्यंत चालणारी तक्रार. तेलंगणाचं ई-पास असो की महाराष्ट्राचं महाडीबीटी, फोटो आणि कागद ठरावीक प्रकारात आणि ठरावीक केबीच्या आतच घेतले जातात. पुण्या-हैदराबादला असलेल्या भावाने आयफोनवर काढलेला फोटो पाठवला की तो बऱ्याचदा एचईआयसी या आडनावाने येतो. २०१७ पासून आयफोन जागा वाचवण्यासाठी फोटो याच प्रकारात साठवतो. पोर्टल म्हणतं, जेपीजी द्या.

मग कोणीतरी सुचवतं, "नाव बदल ना, शेवटी जेपीजी लिही." नाव बदलतं, आतला माल तोच राहतो. तांदळाच्या पोत्यावर 'ज्वारी' लिहिल्यासारखं. पोर्टल फाइल नाकारतं, किंवा घेतं आणि पुढे तपासणीत फोटो उघडत नाही म्हणून फॉर्म परत येतो. तोपर्यंत शेवटची तारीख गेलेली असते.

खरं रूपांतर करायचे सोपे मार्ग आहेत. आयफोनवाल्याला सांगा : सेटिंग्जमध्ये 'कॅमेरा', त्यात 'फॉरमॅट्स', त्यात 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. पुढचे फोटो जेपीजीतच निघतील. आलेला फोटो विंडोजवर उघडत असेल तर तो 'पेंट'मध्ये उघडून 'सेव्ह ॲज'मधून जेपीजी निवडा. इंटरनेटवरून उतरवलेले वेबपी आडनावाचे फोटोही असेच बदलता येतात. जेएफआयएफ आडनाव दिसलं तर मात्र घाबरायचं काम नाही. तो आतून जेपीजीच असतो, तिथे आडनाव बदललं तरी चालतं.

फोटोचा किंवा वर्डच्या फाइलचा पीडीएफ करायचा असेल तर वेगळं ॲप लागत नाही. कॉम्प्युटरवर 'प्रिंट' दाबून प्रिंटरच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडा. अँड्रॉइड मोबाइलवरही 'प्रिंट'मध्ये 'सेव्ह ॲज पीडीएफ' असतं. "फुकट बदलून मिळेल" असं सांगणाऱ्या अनोळखी वेबसाइटवर आधार, पासबुक किंवा जमिनीचे कागद चढवू नयेत. ती फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जाते आणि तिथे तिचं पुढे काय होतं हे आपल्या हातात राहत नाही.

आपल्याकडे नेहमी अडणाऱ्या फाइली

*आधारची पीडीएफ :* ही फाइल उघडते, पण पासवर्ड मागते. इथे ओटीपी टाकायचा नसतो. आधारवर इंग्रजीत जसं नाव आहे त्याची पहिली चार अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढे जन्माचं साल, हा पासवर्ड. नावात चारपेक्षा कमी अक्षरं असतील तर आहेत तेवढीच. अडतं कुठे? घरात हाक मारायचं नाव एक आणि आधारवरचं स्पेलिंग दुसरं. तेलुगूवरून इंग्रजीत गेलेलं आणि मराठीवरून इंग्रजीत गेलेलं नाव सारखंच असेल असं नाही. आधार कार्ड समोर ठेवूनच टाइप करावं. उघडल्यावर सहीच्या जागी प्रश्नचिन्ह दिसलं तर कागद खोटा असं समजू नये. त्या कॉम्प्युटरने सहीचं डिजिटल प्रमाणपत्र अजून तपासून मान्य केलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. ॲक्रोबॅट रीडरमध्ये सहीवर क्लिक करून ते मान्य करता येतं, मग हिरवी खूण येते.

*सीडीआर :* लग्नपत्रिका, फ्लेक्स, दुकानाचा बोर्ड हे बहुतेक कोरलड्रॉमध्ये होतं. छापखान्याने तीच फाइल पाठवली की ती सीडीआर असते आणि कोरलड्रॉ नसलेल्या ठिकाणी उघडत नाही. ती उघडायला ॲप शोधत बसू नका. छापखान्याला सांगा, "प्रूफ पीडीएफ किंवा जेपीजीत पाठवा." त्यांना ते एका मिनिटाचं काम आहे. पण काम पूर्ण झाल्यावर मूळ सीडीआर मागून जपून ठेवा. पुढच्या वर्षी फ्लेक्सवरची फक्त तारीख बदलायची असली तर तीच लागते.

*पीएमडी आणि पी-सिक्स्टीफाइव्ह :* या पेजमेकरच्या फाइली. जुन्या मराठी साप्ताहिकांचे अंक, गावच्या जत्रेच्या स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल यांत अडकून पडलेले असतात. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ साली आली. त्यानंतर ॲडोबीने त्याचं काम थांबवलं. ज्यांच्याकडे असं जुनं काम आहे, त्यांनी पेजमेकर चालणारा एखादा जुना कॉम्प्युटर आहे तोवर सगळ्याच्या पीडीएफ करून घ्याव्यात. तो कॉम्प्युटर बंद पडला की फाइल हातात असूनही अंक गेल्यासारखाच.

*जेसन :* आदिलाबाद कापसाची मोठी बाजारपेठ. छोट्या व्यापाऱ्याकडेही जीएसटीचे कागद येतात. पोर्टलवरून माहिती उतरवताना चुकून 'जेसन'चं बटण दाबलं गेलं की कंस आणि आकड्यांनी भरलेली फाइल हाती येते. ती माणसाने वाचण्यासाठी नाही, एका कॉम्प्युटरने दुसऱ्याला द्यायची आहे. वाचायला हवी असेल तर शेजारचं एक्सेलचं बटण दाबावं. आणि जेसन फाइल पोर्टलवर परत चढवायची असेल तर ती उघडून सेव्ह करू नये. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी पोर्टल ती घेत नाही.

*झिप, आरएआर, सेव्हन-झेड :* ही गाठोडी. झिप विंडोजवर तसंच उघडतं, अँड्रॉइडवर गूगलच्या 'फाइल्स' ॲपमध्ये उघडतं. बाकीच्या दोघांसाठी 'सेव्हन-झिप' हा फुकट प्रोग्राम पुरतो. गाठोडं सोडल्यावर आतल्या फाइलीचं आडनाव परत बघायचं. बाहेरून झिप आहे म्हणून आतलं सगळं बिनधोक असतं असं नाही.

*सीआर-डाउनलोड :* असं लांबलचक आडनाव दिसलं तर फाइल अर्धीच उतरली आहे. रेंज गेली, डेटा संपला, असं काही झालं असेल. ती कशानेच उघडणार नाही. रेंज असलेल्या ठिकाणी जाऊन पुन्हा उतरवा.

*ओडीटी :* काही कार्यालयांतून येणारा हा मजकूर लिबरऑफिस या फुकट प्रोग्राममध्ये तयार झालेला असतो. तो वर्डमध्येही उघडतो आणि गूगल डॉक्समध्येही.

फाइल उघडली, पण मराठी गिचमीड दिसते

कधी आडनाव बरोबर असतं, वर्डमध्ये फाइलही उघडते, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिखल दिसतो. ही आपल्या भाषेची खास अडचण आहे. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरांच्या जागी साठवलेलं असतं. तो फॉन्ट असला तर 'क' दिसतो, नसला तर त्या जागचं इंग्रजी अक्षर उघडं पडतं. युनिकोडमध्ये मात्र देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. म्हणून मोबाइलवर टाइप केलेलं मराठी कुठेही मराठीच दिसतं.

उपाय दोन. ज्याने फाइल पाठवली त्याला फॉन्टचं नाव विचारा आणि तो फॉन्ट टाका. नाहीतर फॉन्ट कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये बदला. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार मात्र डोळ्यांखालून घालावे लागतात, तिथे चुका राहतात. नुसतं वाचायचंच असेल तर पीडीएफ मागवणं सगळ्यात सोपं, कारण पीडीएफमध्ये सहसा फॉन्ट सोबतच येतो.

एक्सेलमध्ये सीएसव्ही आडनावाची यादी उघडल्यावर मराठी किंवा तेलुगू नावं बिघडलेली दिसली तर फाइलवर डबल क्लिक करू नका. आधी रिकामी एक्सेल उघडा, 'डेटा'मधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडा आणि भाषेच्या खान्यात 'यूटीएफ-८' घ्या. नावं जशीच्या तशी येतील.

आडनावच नसेल तर

कधी फाइल पाठवता पाठवता आडनाव गळून पडतं. विंडोज विचारतं, कशाने उघडू? अशा वेळी वाटेल तो प्रोग्राम लावून बघण्यापेक्षा फाइलीवर उजवं क्लिक करून ती 'नोटपॅड'मध्ये उघडावी. नोटपॅड फक्त अक्षरं दाखवतो, आतला प्रोग्राम चालवत नाही. बाकी पान निरर्थक चिन्हांनी भरलेलं दिसेल, पण पहिली काही अक्षरं फाइलची जात सांगतात. टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरं असतील तर ती पीडीएफ. पीएनजी किंवा जेएफआयएफ दिसलं तर फोटो. सुरुवातीलाच पी आणि के ही अक्षरं असतील तर आत झिपचं गाठोडं आहे. झिपचा प्रकार तयार करणाऱ्या फिल कॅट्झच्या नावाची ती आद्याक्षरं. वर्ड-एक्सेलच्या नव्या फाइलीही आतून झिपच असतात, त्यामुळे त्यांच्यातही पी-के दिसतं. एम आणि झेड दिसलं तर तो विंडोजचा प्रोग्राम आहे, त्याला हात लावायचा नाही. बघून झालं की सेव्ह न करता नोटपॅड बंद करावा.

ए-पी-के म्हणजे कागद नव्हे

आता हिंगोलीच्या त्या पत्रिकेकडे. ए-पी-के हे अँड्रॉइड ॲपचं आडनाव. या फाइलीत वाचायचं, बघायचं काहीच नसतं. ती फक्त मोबाइलमध्ये बसवता येते. पत्रिका फोटो असू शकते, व्हिडिओ असू शकते, पीडीएफ असू शकते. पत्रिका ए-पी-के कधीच नसते. तसंच दंडाची पावती ए-पी-के नसते, पीएम-किसानची यादी नसते आणि बँकेचं केवायसीचं पत्रही नसतं. पण फसवणारे नेमकी हीच नावं घेतात, कारण ही नावं पाहून माणूस थांबत नाही. दोन हजारांचा हप्ता अडकला असं वाटलं की बोट आपोआप पुढे जातं.

फाइल दाबली की मोबाइल आधी अडवतो. या ठिकाणाहून आलेलं ॲप बसवायला परवानगी नाही, असं सांगतो आणि सेटिंग बदलायला विचारतो. अँड्रॉइडच्या गेल्या अनेक वर्षांच्या आवृत्त्यांत ही अडवणूक आहे. 'बाकीच्या फाइलीसारखीच ही पण खुलत नाही' असं समजून लोक तिथे 'अलाउ' दाबतात. इथेच फरक कळायला हवा. जी फाइल उघडण्यासाठी योग्य प्रोग्राम हवा आहे, ती कागदाची फाइल. जी फाइल सुरक्षेची सेटिंग बदलायला लावते, ती कागदाची नाही.

ॲप बसलं की ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती मिळाली की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी त्यांच्याकडे पोचतो. अनेकदा ॲपचं चिन्हही पडद्यावर दिसत नाही. आणि तीच फाइल तुमच्या नावाने तुमच्या नातेवाइकांना जाते. म्हणून "नंबर ओळखीचा होता" हे कारण पुरत नाही. मामाच्या नंबरवरून आलेली ए-पी-केसुद्धा मामाने पाठवलेली नसू शकते. मामाला फोन करून विचारायला काहीच लागत नाही.

चलान आहे की नाही हे परिवहन खात्याच्या किंवा तेलंगणा पोलिसांच्या ई-चलान वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकून कळतं. पीएम-किसानचा हप्ता त्या योजनेच्या वेबसाइटवर बघता येतो. अशा सरकारी पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असतं, तेही वाचून घ्यावं. आणि कोणतंही ॲप हवं असेल तर प्ले स्टोअरमधूनच घ्यावं.

कॉम्प्युटरवर अशीच सावधगिरी ईएक्सई, व्हीबीएस, एससीआर आणि बीएटी या आडनावांबाबत ठेवायची. ही चारही उघडण्यासाठी नाहीत, चालवण्यासाठी आहेत.

दाबलंच गेलं तर

लाजून गप्प बसू नये. पहिली गोष्ट, मोबाइलचा डेटा आणि वायफाय बंद करून एअरप्लेन मोड लावावा. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून खातं, यूपीआय आणि कार्ड थांबवायला सांगावं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करावा. हा सायबर फसवणुकीसाठीचा देशभराचा नंबर आहे, तेलंगणातून लावा की महाराष्ट्रातून. तक्रार 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन' या सरकारी पोर्टलवरही करता येते. जितका फोन लवकर जाईल, तितके पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. उद्या आदिलाबादला जाऊन बघू, असं करू नये.

बँकेला वेळेत कळवण्याला नियमाचाही आधार आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला काढलेल्या परिपत्रकात, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं असलं तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं, असं म्हटलं आहे. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा.

त्यानंतर मोबाइलच्या सेटिंगमधली ॲपची पूर्ण यादी बघून अनोळखी ॲप काढावं. निघत नसेल किंवा सापडत नसेल तर फोटो आणि नंबर वाचवून मोबाइल फॅक्टरी रीसेट करावा. तक्रार होईपर्यंत ती फाइल आणि मेसेजचे स्क्रीनशॉट मात्र ठेवावेत. आणि व्हॉट्सॲपवरच्या सगळ्यांना सांगावं की माझ्या नावाने काही आलं तर उघडू नका. यात संकोच वाटतो, पण पुढच्या माणसाचे पैसे त्यानेच वाचतात.

दुकानात जाताना

ज्यांचं सगळं काम ऑनलाइनच्या दुकानातूनच होतं, त्यांनी एवढं करावं. फाइल देताना व्हॉट्सॲप वेब लावलं तर उठण्याआधी लॉगआउट झालं का ते मोबाइलमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये बघावं. आपलं आधार, पहाणी, पासबुक दुकानाच्या कॉम्प्युटरवरून आणि रिसायकल बिनमधूनही काढायला सांगावं. आणि "फाइल खराब आहे" असं उत्तर मिळालं तर एक प्रश्न विचारावा : "भाऊ, शेवटी काय लिहिलंय?"

जेपीजी, सीडीआर, झिप असं काही उत्तर आलं तर फाइल उघडायचा रस्ता निघतो. ए-पी-के असं उत्तर आलं तर ती उघडायची नाही, डिलीट करायची. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बाकी काही सांगता आलं नाही तरी ही तीन अक्षरं कागदावर इंग्रजीत मोठी लिहून दाखवावीत. वाचता येत नसलं तरी चित्रासारखी ती ओळखू येतात.